आधी उंबरठा, मग रान : शिकारी कुत्र्यांच्या बालपणाचा इतिहास

#इतिहास #दीर्घधागा

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांना चित्त्यांकरवी काळविटांची शिकार करण्याचा छंद होता. संस्थानच्या शिकारखान्यात त्यासाठी चित्ते पाळले जात. हिंदुस्थानातील चित्ते संपत आले, तेव्हा ते आफ्रिकेतून आणवले गेले. या विद्येत मुरलेल्या चित्तेवानांचा एक जुना दंडक होता : चित्ता धरायचा तो रानात वाढलेला, आईच्या मागे फिरून शिकार शिकलेला. पिल्लू धरून उपयोग नाही. माणूस त्याला लळा लावील, पण धावते काळवीट पाडण्याची विद्या त्याला कोण शिकवणार? शिवाय बंदिवासात चित्त्यांची वीण जवळजवळ होतच नसे. चित्त्याला पिल्ले झाली, ही गोष्ट जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत नवल म्हणून नोंदवून ठेवली आहे.

कुत्र्याच्या बाबतीत हा सारा क्रम उलटा आहे. गंधामागे धावण्याची ओढ पिल्लू रक्तातच घेऊन येते. त्याला शिकवावे लागते ते माणसांत, गुरांत, कोंबड्यांत राहणे. आणि या शिक्षणाला मुदत असते. ती टळली की पुढे कितीही कसबी शिकारी लाभला तरी कुत्रा अर्धवटच राहतो. ही मुदत नेमकी किती, हे प्रयोगाने कळायला विसावे शतक उजाडावे लागले. परंतु अशी मुदत असते, ही जाण शिकारी कुत्री निपजवणाऱ्यांच्या वागण्यात दोन हजार वर्षांपूर्वीपासून दिसते. ती जाण कुठून आली आणि तिचे प्रत्यक्ष कष्ट कोणी उपसले, त्याचा हा धागा.

प्रारंभ ग्रीसपासून. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन याच्या नावावर शिकारीविषयीचा एक छोटा ग्रंथ मिळतो. तो सर्वस्वी त्याचाच की नाही, यावर अभ्यासकांत वाद आहे. मात्र लिहिणाऱ्याने कुत्री स्वतः वाढवली होती, हे ओळीओळीत जाणवते. विषय आहे जाळी लावून करायची सशाची शिकार. पिल्ले त्यांच्या सख्ख्या आईजवळच ठेवावीत, दुसऱ्या कुत्रीखाली घालू नयेत. परक्या कुत्रीच्या दुधाने ती नीट वाढत नाहीत, असे तो बजावतो. खाणे बेताचे द्यावे, अति खाऊ घातल्यास कोवळे पाय वाकतात, असेही सांगतो. पुढे येतात ती नावे. हाक चटकन मारता यावी म्हणून नाव आखूड असावे, असे म्हणून तो थेट ४७ नावांची यादीच देतो : कुणाचे नाव आत्मा, कुणाचे भाला, कुणाचे पहारेकरी, कुणाचे आनंद. आजही कुत्र्याला दोन अक्षरी नाव ठेवा असाच सल्ला मिळतो. देणाऱ्याला तो कुठून आला हे बहुधा ठाऊक नसते.

याच ग्रंथात एक बारकी सूचना आहे, आणि या विषयाचे मर्म तिच्यात सापडते. पिल्लांना खाणे शिकाऱ्याने स्वतःच्या हाताने द्यावे. उपाशी राहिल्यास त्याचा दोष कुणाचा हे कुत्र्याला कळत नाही. पण भुकेच्या वेळी देणारा हात त्याला कळतो आणि त्या हातावर ते जीव लावते. दुसरी सूचना आणखी व्यवहारी. जाळी गुंडाळण्याच्या वेळी पिल्लांना जाळ्यांपाशीच खाऊ घालावे. नवखे पिल्लू रानात भरकटले, तरी खाण्याच्या आठवणीने ते त्याच जागी परत येते आणि वाचते. पुढे शिकारीचीच गोडी लागली की खाण्याची ही ओढ आपोआप गळून पडते.

रानात नेण्याचे वयही ठरलेले होते : मादी आठ महिन्यांची, नर दहा महिन्यांचा. तेव्हाही लगेच मोकळे सोडायचे नाही. ससा उठला तरी पिल्लाला दोरीला धरून ठेवायचे आणि ससा दृष्टीआड झाल्यावर सोडायचे. नजरेसमोरच्या सशामागे जिवाच्या आकांताने धावले, तर न भरलेले अंग तुटते. दिसेनासा झालेला ससा मात्र नाकानेच शोधावा लागतो. एकाच युक्तीत हाडांची काळजी आणि नाकाचा अभ्यास साधला.

झेनोफननंतर सुमारे पाचशे वर्षांनी, रोमन साम्राज्याच्या काळात, एरियनने त्याच विषयावर त्याच नावाचा ग्रंथ लिहिला. अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांचा इतिहास लिहिणारा तो हाच एरियन. झेनोफनला केल्ट लोकांचे चपळ, नजरेने धावणारे कुत्रे माहीत नव्हते. ती उणीव भरून काढणे हा त्याचा हेतू. पण ग्रंथात लक्षात राहते ती त्याची स्वतःची हॉर्मी नावाची कुत्री. तिला त्याने लहानपणापासून वाढवले होते. ती त्याच्या पायाशी बसे, सोबतीने फिरे, खाणे हवे की बाहेर जायचे हे वेगवेगळ्या आवाजांत सांगे. एरियनचा सल्ला असा की कुत्र्याने रात्री माणसाजवळ झोपावे. माणसाच्या अंगाचा स्पर्श मिळाला की ते माणसाळते, आणि रात्री त्याला काही दुखले-खुपले तर तेही ध्यानात येते. शिकार साधली की कुरवाळून, नाव घेऊन त्याचे कौतुक करावे, हेही तो सांगतो. सेना आणि प्रांत सांभाळलेल्या माणसाने कुत्रीच्या कण्हण्या-कुंथण्यावर इतके लिहावे, हे त्या काळच्या वाचकांना कसे वाटले असेल कोण जाणे. आज मात्र त्याच्या युद्धवर्णनांपेक्षा हीच पाने अधिक जिवंत वाटतात.

मध्ययुगीन युरोपात शिकार ही सरदारांची प्रतिष्ठा झाली आणि कुत्र्यांची संख्या एका घरात मावेनाशी झाली. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी फ्वा नावाची जहागीर होती. तिचा धनी गास्तों फेबुस याने १ मे १३८७ रोजी शिकारीवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ सांगायला घेतला. त्याच्या कुत्रेखान्यात दररोज झाडलोट होई, ताजे पाणी व स्वच्छ पेंढा असे, थंडीसाठी शेकोटीची सोय असे. आणि तेथे एक मुलगा असे. शिकारी घडवायचा तर मूल सात वर्षांचे असतानाच कामाला लावावे, असे फेबुसचे मत होते. या मुलाने प्रत्येक कुत्र्याचे नाव आणि रंग पाठ करायचा, घाण काढायची, पेंढा बदलायचा आणि रात्री कुत्र्यांतच झोपायचे. इंग्लंडमध्ये यॉर्कचा ड्यूक एडवर्ड याने १४०६ ते १४१३ या काळात या ग्रंथाचा मोठा भाग इंग्रजीत आणला, स्वतःची काही प्रकरणे जोडली आणि १४१५ मध्ये अॅजिनकोर्टच्या लढाईत तो मारला गेला. त्याच्याही ग्रंथात रात्री कुत्रेखान्यात झोपणारे मूल आहे. कुत्र्यांची भांडणे होऊ नयेत म्हणून.

एरियनने स्वतःच्या अंथरुणाजवळ कुत्री झोपवली. फेबुसच्या काळी धनी महालात निजला आणि त्याच्या वतीने एक गरीब मूल पेंढ्यावर निजले. पिल्लाला माणसाचा सहवास लागतो, हे दोघांनाही उमगले होते. फरक इतकाच की आता तो सहवास दुसऱ्याकडून करवून घेता येत होता. यापुढचा सारा इतिहास या ‘दुसऱ्या’चा आहे.

त्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत सुसंघटित रूप इंग्लंडमध्ये दिसते. अठराव्या शतकात तेथे हरणाची शिकार मागे पडून फॉक्सची शिकार पुढे आली. (मराठीत आपण कोल्हा म्हणतो तो जॅकल, इंग्लंडचा फॉक्स हा आपल्या खोकडाचा मोठा, तांबूस चुलतभाऊ. म्हणून येथे खोकडच म्हणू.) खोकडामागे धावणाऱ्या फॉक्सहाउंड कुत्र्यांच्या टोळ्या मोठ्या असत आणि त्या जोड्यांत मोजल्या जात. ३५ कुत्री असली तर ‘साडेसतरा जोड्या’. दरवर्षी नवी पिल्ले लागत. इतकी पिल्ले कुत्रेखान्यात कोंडून वाढवली तर ती खुरटत, आजारी पडत आणि त्यांना कुत्र्यांपलीकडचे जग ठाऊकच होत नसे. म्हणून वसंतातली पिल्ले आठ-दहा आठवड्यांची झाली की बहुधा जोडीने आसपासच्या शेतकऱ्यांच्या घरी पाठवली जात. पुढच्या वसंताच्या सुमारास ती परत येत. या प्रथेला ‘पपी वॉकिंग’ म्हणत. येथे ‘वॉक’ म्हणजे फेरफटका नव्हे. पिल्लू जेथे वाढते ते घर म्हणजे त्याचा ‘वॉक’.

त्या घरात पिल्लू काय शिके? पहिल्यांदा स्वतःचे नाव. हे नाव टोळीच्या प्रमुखाने ठेवलेले असे आणि बापाच्या किंवा आईच्या नावाच्या आद्याक्षरावरून ते सुरू होई; वंश नुसत्या हाकेवरून कळावा म्हणून. मग घोड्याचे खूर कुठे पडतात आणि आपण कुठे उभे राहू नये, हे. गाडीचे चाक, मुलांचा गोंगाट, अनोळखी पाहुणा, दळणवळणाचा रस्ता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोंबडी आणि मेंढी ही शिकार नव्हे, हे. अंगणातल्या बदकाने चोच मारून किंवा कोकरांच्या आईने शिंगावर घेऊन हा धडा दिला की तो आयुष्यभर पुरे. चुकीच्या प्राण्यामागे धावण्याला इंग्रज शिकारी ‘रायट’, म्हणजे दंगा, म्हणत. मेंढरे मारणाऱ्या कुत्र्याला बहुधा प्राणास मुकावे लागे. आणि शेतकऱ्याच्या शेतातूनच घोडे दौडवायचे असल्याने त्याची मर्जी गमावणे कोणत्याही टोळीला परवडणारे नव्हते.

हे शिक्षण घडे स्वयंपाकघराच्या दारात, आणि ते देई शेतकऱ्याची बायको. उरलेले ताक, पेज, भाकरीचे तुकडे तिच्या हातचे. चावलेले जोडे, दोरीवरून ओढलेले कपडे आणि फस्त झालेली अंडी तिच्या घरची. काही जमीनदारांनी कुळांच्या करारातच टोळीचे पिल्लू सांभाळण्याचे कलम घातले होते. म्हणजे खंडासोबत हेही एक देणे. जेथे कलम नव्हते, तेथेही धन्याचा माणूस पिल्लू घेऊन दारात उभा राहिल्यावर ‘नको’ म्हणण्याची सोय किती कुळांना असेल, हा प्रश्नच आहे. मोबदला म्हणून उन्हाळ्यात पिल्लांचा मेळा भरे. परत आलेल्या पिल्लांची पारख होई, जेवण होई, चांगले पिल्लू वाढवणाऱ्याला बक्षीस मिळे. पुष्कळदा चांदीचे चमचे. आजही इंग्लंडमधील जुन्या शेतघरांत असे चमचे जपलेले आढळतात.

परतलेल्या पिल्लाला आता घर विसरून टोळीत मिसळायचे असे. त्याच्या गळपट्ट्याला आखूड साखळीने एखादा जुना, शहाणा कुत्रा जोडत आणि दोघांना एकत्र फिरवत. डॉर्सेटचा जमीनदार पीटर बेकफर्ड याचे खोकडांच्या शिकारीवरचे पुस्तक १७८१ मध्ये प्रसिद्ध झाले. तरुण कुत्र्यांना मेंढ्यांच्या आणि हरणांच्या कळपांतून वारंवार चालवत न्यावे, म्हणजे त्यांचे नवल उरत नाही, असा त्याचा आग्रह. त्याचा सूर सौम्य आहे, तरी त्या व्यवस्थेचा शेवट सौम्य नव्हता. उंची बेताची, चाल सदोष, स्वभाव भित्रा असे जे ठरत, ते दुसऱ्या टोळीला दिले जात किंवा मारले जात. वर्षभर मांडीवर वाढलेल्या पिल्लाचे पुढे काय झाले, हे त्या घराला प्रत्येक वेळी सांगितले जाईच असे नाही. शिवाय शरद ऋतूत नव्या कुत्र्यांना पहिला सराव दिला जाई तो खोकडाच्या त्याच वर्षीच्या पिल्लांवर. या प्रथेच्या कौतुकात बुडालेली इंग्रजी पुस्तके या मजकुरावरून घाईने पुढे सरकतात.

बेकफर्डला स्वतःला या पद्धतीबद्दल एक शंका होती. शेतघरांत गेलेली पिल्ले डिस्टेंपर रोगाने मोठ्या संख्येने मरत. तेथे पुरेशी काळजी घेतली जात नाही म्हणून हे होते, असे त्याला वाटे, आणि त्यापेक्षा सारी पिल्ले स्वतःच्या वेगळ्या कुत्रेखान्यात वाढवावीत का, असा विचार तो मांडतो. अठराव्या शतकात हा रोग युरोपभर पसरला होता. देवीच्या लशीमुळे ख्यातनाम झालेल्या एडवर्ड जेन्नरने १८०९ मध्ये त्यावर निबंध लिहिला, तोही बर्कली घराण्याच्या फॉक्सहाउंडांच्या निरीक्षणावरून. १९०५ मध्ये फ्रान्सच्या आंरी कारे याने हा रोग गाळणीतूनही निसटणाऱ्या अतिसूक्ष्म विषाणूने होतो, असे दाखवले, पण सर्वांना ते पटले नाही.

अखेर १९२० च्या दशकात शिकारीच्या शौकिनांचे इंग्रजी साप्ताहिक ‘द फील्ड’ याने या रोगावरील संशोधनासाठी निधी उभारला. लंडनजवळ मिल हिल येथे पॅट्रिक लेडलॉ आणि जी. डब्ल्यू. डंकिन यांनी कारेचे म्हणणे सिद्ध करून लस तयार केली. कुत्र्यांऐवजी फेरेट हा मुंगसासारखा छोटा प्राणी प्रयोगाला सोयीचा ठरतो, हे त्यांना आढळले. पुढे १९३३ मध्ये त्याच संस्थेत माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रथम ओळखला गेला, तो फेरेटवरील प्रयोगांतूनच. शेतघरात मरणाऱ्या पिल्लांपायी सुरू झालेला शोध माणसाच्या तापापर्यंत असा पोहोचला.

मधल्या काळात ही शिकार साम्राज्याबरोबर हिंदुस्थानातही आली. पुण्याच्या छावणीत आणि उटकमंडला गोऱ्या अधिकाऱ्यांनी फॉक्सहाउंडांच्या टोळ्या पाळल्या. येथे त्यांना खोकडाऐवजी खराखुरा कोल्हा मिळाला. हवा व रोग यांनी कुत्री भराभर मरत आणि नवी जहाजाने मागवावी लागत. वाढवलेले कुत्रे आणता आले, त्याला वाढवणारे शेतघर मात्र आणता आले नाही. याच दख्खनच्या पठारावर धनगर-शेतकऱ्यांच्या दारी कारवानी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या वाढत होती. मुधोळच्या घोरपडे राजांनी पुढे त्यांना नावारूपाला आणले आणि २००५ मध्ये मुधोळ हाउंड टपाल तिकिटावर झळकला. शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या आणि पोरे दारातच असल्याने कारवानी पिल्लासाठी वेगळा ‘वॉक’ शोधण्याची गरज नव्हती.

बंदुकीने टिपलेला पक्षी शोधून आणणाऱ्या कुत्र्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांच्या शिक्षणाला इंग्रजीत ‘ब्रेकिंग’, म्हणजे मोडणे, म्हणत, आणि चाबूक हे त्याचे मुख्य साधन होते. १८४८ मध्ये डब्ल्यू. एन. हचिन्सन या लष्करी अधिकाऱ्याने या विषयावरील पुस्तकात हाताच्या खुणा, शांत आवाज आणि बक्षिसाचा तुकडा यांचा पुरस्कार केला. प्राथमिक धडे बंदूक हाती घेण्याच्या कितीतरी आधी, घरात आणि अंगणातच द्यावेत असे त्याने सांगितले. पुस्तकाच्या नावात ‘ब्रेकिंग’ हा शब्द मात्र राहिलाच.

आता मुदतीचा प्रश्न. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत, जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्याचा ग्रंथ १९६५ मध्ये आला. तेथलाच एक प्रयोग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यासाठी घेतलेली पिल्ले कॉकर स्पॅनियल आणि बीगल, म्हणजे दोन्ही शिकारी जातींची होती. उंच कुंपणाच्या आवारात ती आयांसह वाढली. खाणे कुंपणातून आत सरकवले जाई, माणूस दिसत नसे. दर गटाला वेगवेगळ्या वयात एकेक आठवडा बाहेर काढून माणसांचा सहवास दिला. सातव्या आठवड्याच्या सुमारास भेटलेली पिल्ले माणसाशी चांगली जुळली. चौदा आठवड्यांपर्यंत माणूस न पाहिलेली पिल्ले मात्र रानटी जनावरासारखी बिचकत राहिली. स्कॉट व फुलर यांनी ही खिडकी साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत उघडी असते, असे मांडले.

शेतघरी पाठवण्याचे जुने वय आठ-दहा आठवडे होते, म्हणजे खिडकी उघडी असतानाचे. परंपरेला सगळेच ठाऊक होते असे यावरून म्हणणे धाडसाचे ठरेल. आईचे दूध सुटणे आणि कुत्रेखान्यातील गर्दी ही कारणेही त्या वयाशी जुळतात. पण बाराव्या आठवड्यानंतर पाठवलेली पिल्ले बिथरतात, हा अनुभव कुत्रेखाना सांभाळणाऱ्यांना आला असणारच, आणि अनुभवानेच प्रथा टिकते. त्याआधीचे, तिसऱ्या ते आठव्या आठवड्याचे काम कुणाच्या नावावर नाही. ते खाणे घेऊन येणाऱ्या, पेंढा बदलणाऱ्या नोकराच्या हाताने झाले.

शिकारीतून जन्मलेल्या या पद्धतीला पुढे शिकारीशी संबंध नसलेले घर मिळाले. अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या ब्रिटिश संस्थेने १९५६ पासून पिल्ले स्वयंसेवक कुटुंबांत वाढवायला सुरुवात केली आणि त्या योजनेला नाव घेतले तेच जुने, पपी वॉकिंग. कॅलिफोर्नियात सॅन राफाएलच्या संस्थेसाठी ग्रामीण मुलांनी अशीच पिल्ले सांभाळली, आणि तेथील क्लॅरेन्स फाफेनबर्गर यांनी बार हार्बरच्या निष्कर्षांचा आधार घेतला. इंग्लंडमध्ये कुत्र्यांकरवी खोकडाची शिकार करण्यास २००४ च्या कायद्याने बंदी आली. ती २००५ मध्ये लागू झाली. कृत्रिम गंधामागे धावणाऱ्या टोळ्यांसाठी पिल्ले त्यानंतरही शेतघरी जात राहिली.

बेकफर्डची शंका मात्र अजून मिटलेली नाही. लशीचे सर्व डोस पूर्ण व्हायला पिल्लू साधारण सोळा आठवड्यांचे व्हावे लागते. माणसाळण्याची खिडकी त्याआधीच बंद होऊ लागते. घरात कोंडावे तर पिल्लू भित्रे होते, बाहेर सोडावे तर रोगाची भीती. म्हणून जाणते पैदासकार आज पिल्लाला जमिनीवर न टेकवता कडेवर घेऊन बाजारातून, शाळेच्या दारावरून, वाहनांच्या गर्दीतून फिरवून आणतात आणि निरोगी, लस घेतलेल्या थोराड कुत्र्यांच्याच घरी त्याला खेळायला नेतात.